माग नंबर पंचवीस

आमच्या शेडमध्ये कापसाचं तूस उडत असतं. दिवसभरात ते केसांवर, भुवयांवर, डब्यातल्या भाजीवर कधी साचतं ते कळतच नाही. घरी गेल्यावर आई दारातूनच ओरडते, "आधी अंगणात जाऊन झटकून ये!" होडीचे किस्से असेच साचलेत. परवा एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "काय गं वर्षा, तुमची ती होडी आहे का अजून?" आणि मी जी सुरू झाले ती पंगत उठली तरी थांबले नाही. तेव्हा म्हटलं, एकदाचं झटकून टाकावं.

हो, होडी. शिडाची. सोलापुरात. हसून घ्या, मी थांबते.

झालं? तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिझाइन करते. टॉवेलवरचे मोर, कमळं, हॉटेलांची नावं, सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून मागावर जातं. होडीचे मालक आम्ही तिघं. एक मी. दुसरे नरसय्या जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. चाळीस वर्षं हेच काम, आणि आवाज ऐकून सांगतात की कुठल्या मागाचा कुठला बोल्ट ढिला आहे. तिसरे सलीमभाई, शिलाई खात्याचे मास्तर. वाऱ्यावर उडणारं कापडसुद्धा सरळ शिवतील असा हात. पोहता मात्र तिघांपैकी कुणालाही येत नव्हतं!

*

होडी आमच्याकडे आली ती भंगार म्हणून. मालकांचे एक मित्र मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांच्या अंगणात काहीतरी उपडं पडलेलं होतं. मालक म्हणाले, "जॉबर, बघून या. लोखंड निघत असेल तर घेऊन या."

लोखंड निघालं नाही. होडी निघाली.

जॉबरनी तिच्या पोटावरून हात फिरवला, दोन ठिकाणी टकटक करून ऐकलं आणि म्हणाले, "चालेल की ही."

कशी चालेल, कुठे चालेल, कोण चालवेल, हे कुणी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीला टॉवेलच्या टेम्पोवर होडी चढवली आणि उजनीच्या पाण्याकडे निघालो. टेंभुर्णीच्या चौकात चहाला थांबलो तर टेम्पोभोवती ही गर्दी! उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक जण उतरून आला, होडीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. कडक ऊन पडलेलं.

"कुटं पूर आलाय वो?"

जॉबर चहा फुंकत शांतपणे म्हणाले, "आला नाही अजून. आला तर आपली तयारी असावी."

तो बिचारा घाईघाईने ट्रॅक्टर सुरू करून घराकडे निघाला.

*

आमच्या कारखान्यात चोवीस माग आहेत. कुठला माग बंद पडला की जॉबर रजिस्टरमध्ये लिहितात: माग नंबर, किती वेळ बंद, कारण. मालक दर सोमवारी ते रजिस्टर वाचतात आणि मग ज्याची त्याची हजेरी घेतात.

एका सोमवारी मालक शेडमध्ये आले आणि माग मोजायला लागले. एकदा मोजले. परत मोजले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले आणि रजिस्टर उघडून जॉबरपुढे धरलं. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "माग नं. २५. तीन आठवडे बंद. कारण: वारा नाही."

जॉबर म्हणाले, "होडी आहे ती. दुरुस्ती मी करतो, म्हणजे माझ्या रजिस्टरला लागणारच की."

आता काय होतंय म्हणून सगळी शेड श्वास रोखून उभी. मालकांनी ती ओळ परत एकदा वाचली.

"तीन आठवडेच ना? मग सात नंबरपेक्षा बरी आहे," ते म्हणाले आणि सही करून निघून गेले.

तेव्हापासून होडीचं नाव तेच.

*

होडीबरोबर आलेलं शीड उंदरांनी खाल्लेलं होतं. सलीमभाई म्हणाले, "कायकू टेन्शन, मॅडम? कपडा अपना, सुई अपनी!"

मालकांनी एका बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, उरलेलं उभं सूत दिलं. मी डिझाइन केलं: निळ्या पट्ट्या आणि मधोमध एक मोर. जॉबरनी स्वतः मागावर उभं राहून कापड विणलं. धुलाई खात्याने ते धुऊन मऊसूत केलं. सलीमभाईंनी चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली. तपासणी खात्यात कापडावर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो किती झटकन जिरतो ते बघतात. आमच्या शिडावर टाकलेला थेंब पडायच्या आधीच गायब! तपासणीवाली मुलगी म्हणाली, "असा माल एक्स्पोर्टलासुद्धा गेला नाही अजून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पॅकिंगवाल्यांनी घडी घालून वर रिबीन बांधली.

प्रत्येकाने जीव ओतून आपापलं काम चोख केलं होतं. आपण शीड करतोय, टॉवेल नाही, हे त्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही!

पहिल्या लाटेचे शिंतोडे उडाले आणि शिडाने पाणी प्यायला सुरुवात केली. खालून वर, वर वर, मोराच्या पायापर्यंत, मग मानेपर्यंत. वजनाने डोलकाठी वाकायला लागली. आम्ही तिघं त्याकडे बघत बसलो, आणि खरं सांगते, तशातही आम्हाला अभिमान वाटत होता.

"ये शीड नै मॅडम," सलीमभाई म्हणाले, "हम्मामका टॉवेल है!"

ते पिळायला काठावरची सहा माणसं लागली. नवीन शीड आम्ही मालाच्या गाठींवर टाकायच्या ताडपत्रीचं शिवलं. मोराचं शीड जॉबरच्या घरी आहे. पद्मक्का, म्हणजे जॉबरची बायको, त्यावर पापड वाळत घालते.

*

होडीची दुरुस्ती हा एक वेगळाच संसार आहे. एक नीट करावं तर दुसरं रुसतं. सुकाणूचा दांडा मोडला. त्या दांड्याला धरून होडी वळवायची, म्हणजे तो नाही तर काहीच नाही. जॉबरनी मागाची जुनी पिकिंग स्टिक, म्हणजे धोटा मारायची काठी, आणून बसवली. अशी फिट बसली की जन्मापासून तिथेच होती म्हणावं! दुसऱ्या दिवशी सात नंबरचा माग बंद. काठी जुनी नव्हती, सात नंबरची होती.

मग तळाला भोक पडलं. भोक पडलं हे आम्हाला पाण्याच्या मधोमध कळलं. दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. आमच्याकडे सेकंड मालाचे, म्हणजे विणताना बिघडलेले, चाळीस टॉवेल होते! जॉबर टॉवेल टाकायचे, मी उचलायची, सलीमभाई पिळायचे. अर्धा तास आमची लाइन अशी सुरळीत चालली की सुपरवायझर खूश झाला असता. काठाला लागल्यावर लक्षात आलं, एकच टॉवेल त्या भोकात कोंबला असता तर उरलेले एकोणचाळीस कोरडे राहिले असते.

*

एवढं सगळं कशासाठी, असं माझी आई नेहमी विचारते. तिला मी हा किस्सा सांगते.

पहिल्यांदा वारा नीट मिळाला त्या दिवसाचा. ताडपत्री फट्‌कन फुगली, होडी जराशी कलंडली आणि निघाली. इंजिन नाही, धूर नाही, खडखडाट नाही. आम्ही तिघं आयुष्यभर चोवीस मागांच्या आवाजात राहिलेली माणसं. घरी बोलतानासुद्धा शेजाऱ्यांना ऐकू जातं. आणि इथे फक्त पाण्याचं चुळचुळ. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. सलीमभाई तर तोंडावर हात ठेवून हसत होते.

जॉबर मात्र ताडकन उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. कान टवकारून इकडे बघतात, तिकडे बघतात, वाकून तळ चाचपतात.

"काय झालं, जॉबर?"

"आवाज थांबला! काय बंद पडलं?"

"काही बंद पडलं नाही. होडी चालू आहे."

त्यांना पटायला वेळ लागला. मग हळूच खाली बसले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले, "आवाज नाही आणि दुरुस्ती पण नाही." आणि त्या दिवशी त्यांनी सुकाणू कुणाला दिलंच नाही.

*

पण जाताना मिळालेला वारा येताना मिळेलच असं नसतं. तो मध्येच पडायचा आणि आम्ही पाण्यात गणपतीसारखे बसून राहायचो. वल्ही घ्यावीत असं मी एकदा सुचवलं. जॉबर असे चिडले! "वल्हं म्हणजे हातमाग! आपण पॉवरलूमवाले आहोत!"

मग नामदेवबापू यायचे. बापूंची मासेमारीची मोटारबोट. लांबून आमचं लोंबणारं शीड दिसलं की टक्‌टक्‌टक्‌ करत येणार, दोर टाकणार, आमची होडी मागे बांधणार आणि काठापर्यंत ओढून नेणार. वर पिशवीतून थर्मास काढून तिघांना चहा देणार. आम्ही नको म्हटलं की म्हणायचे, "घ्या वो! वडून आणलेल्याला च्या पाजायचा. आमच्यात रीत हाय."

एवढ्यावर ठीक होतं. पण सतराव्या खेपेला काठावर पद्मक्का होती, बापूंचे चार जातवाले होते, आणि बापूंना जरा जोर चढला होता. कप पुढे करत म्हणाले, "जॉबर, तुमची व्हडी लई भारी हाय. निसती च्या प्यायला येती!"

सगळे हसले. पद्मक्का सगळ्यात जोरात हसली.

जॉबरनी कप तसाच जमिनीवर ठेवला. हा माणूस दिवसाला अकरा कप चहा पिणारा! शेडमध्ये त्यांची वेळ घड्याळावर नाही, चहावर चालायची. सगळ्यांकडे एकदा बघून ते म्हणाले, "दोर न बांधता, वाऱ्यावर, ही होडी काठाला लागेपर्यंत मी चहा घेणार नाही."

बापूंचं हसू एकदम मावळलं. "आवो, मी गमतीनं बोललो की, जॉबर."

"मी नाही बोललो गमतीनं," जॉबर म्हणाले.

*

पुढचे तीन महिने आमच्या कारखान्याने काय सोसलं ते आम्हालाच ठाऊक!

बिनचहाचा जॉबर म्हणजे बिनतेलाचा माग. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी "काय काम आहे?" दहा वाजता चहाची किटली शेडमध्ये आली की ते उठून थेट गेटबाहेर जाऊन उभे राहायचे. मालकांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं, कॉफी पाजून बघितली. जॉबरनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साहेब, याच्यापेक्षा रजा द्या." पद्मक्का मला फोन करून सांगायची, "वर्षा, नवस यांचा आणि उपास माझा! यांच्यासमोर पिता येत नाही, शेजारी जाऊन पिऊन येते मी."

बापूंनी तर आमच्यासमोर थर्मास काढणंच सोडलं. आम्हाला ओढून नेताना मागे वळून बघायचे नाहीत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माज्या जिभंला हाड न्हाय बगा. त्यास्नी पाजल्याबिगर मला बी च्या ग्वाड लागंना."

*

एकदा अगदी जमलं होतं. वारा आमच्या बाजूचा. काठ समोर. पद्मक्का काठावर कपात चहा ओतून तयार. पन्नास फूट, चाळीस, तीस. सलीमभाई पुटपुटत दुआ मागत होते. जॉबरचे डोळे त्या कपावर. कपातून वाफ निघतेय हेसुद्धा आता दिसत होतं.

पद्मक्काला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की काठावर पडलेला दोर तिने उचलला आणि, "अय्यो, आले, आले!" म्हणत आमच्याकडे फेकला.

आणि जॉबरनी तो झेलला.

सवयीने हो! सतरा वेळा, वीस वेळा दोर झेललेला हात. तो विचारून थोडाच झेलणार? पुढच्या क्षणी त्यांनी हातातल्या दोराकडे बघितलं. आम्हीही बघितलं. काठ दहा फुटांवर होता.

"आपण सोडून देऊ. कुणी बघितलं नाही," मी म्हणाले.

"मी बघितलं," जॉबर म्हणाले.

पद्मक्काने कपातला चहा परत थर्मासमध्ये ओतला. होडी बांधून आम्ही टेम्पोत बसलो. मोहोळच्या पुढे आल्यावर पद्मक्का एकदम म्हणाली, "पण झेलला मात्र छान हं!"

जॉबरचे खांदे हलायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले ते. चहा नाही.

*

आता शेवटचं.

त्या दिवशी वारा काठाला समांतर वाहत होता, एकसारखा, न थकता. आम्ही पार पलीकडे जाऊन वळलो होतो आणि परत निघालो होतो. जॉबरचा हात सुकाणूवर, म्हणजे सात नंबरच्या काठीवर. डोलकाठीला बांधलेला सुताचा धागा आडवा ताठ. कुणी बोलत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

अर्ध्या वाटेत बापूंची बोट दिसली. पण तिचा टक्‌टक्‌ आवाज नव्हता. मधूनच नुसती फुसफुस यायची, तिला जॉबरनी लांबूनच कान दिला. "इंजिन बंद आहे. डिझेल येत नाहीय त्याला."

जवळ गेलो तर बापू इंजिनापुढे हात काळे करून बसलेले. बोट आडवी होऊन वाहत चाललेली. वल्ही? इंजिन आल्यापासून त्यांनी ती घरी गोठ्यात ठेवलेली!

"जावा तुमी!" बापू ओरडले. "आज वारा हाय. थांबू नगा. मी बगतो माजं!"

जॉबरनी माझ्याकडे बघितलं नाही, सलीमभाईंकडे बघितलं नाही. "वर्षा, दोर टाक," एवढंच म्हणाले.

मी टाकला. बापूंनी बांधला. ताडपत्री ताणली, डोलकाठी कुरकुरली, आणि माग नंबर पंचवीसने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी ओढायला सुरुवात केली! सलीमभाई तर नाचायचेच बाकी होते. "बापू! चाय नक्को क्या?" ते ओरडले, आणि लगेच जीभ चावली.

कारण मग आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं. होडी वाऱ्यावर काठाला निघालीय. पण दोर बांधलेला आहे.

"दोर आपण ओढतोय, जॉबर," मी म्हणाले. "हा धरायचा नाही."

"मी दोर म्हणालो होतो. कोण ओढतंय ते म्हणालो नव्हतो." आवाजात राग नव्हता. "असू दे. पुढच्या सुट्टीला बघू."

काठावर पद्मक्का उभी होती. थर्मास पायाशी, आणि मागच्या वेळची आठवण म्हणून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. काठ ऐंशी फुटांवर आला. साठ. आणि होडीला एकदम हिसका बसला, हलकी होऊन ती सुसाट सुटली. मागे वळून बघितलं तर बापू बोटीत उभे, आणि दोराचं टोक पाण्यात.

"जॉबर! आता सांगा, कुटं हाय दोर?"

"अरे बांध तो! वाहून जाशील!"

"जाऊ द्या की! तुमी आदी च्या घ्या!"

मी दोर पटकन आत ओढून घेतला. वारा त्यांना बाजूला, बाभळींकडे घेऊन चालला होता, आणि ते बोटीत मांडी घालून बसले होते, लग्नाच्या पंगतीला बसावं तसे. आमची होडी घसरत गेली आणि चिखलात रुतून थांबली. काठाला. वाऱ्यावर. बिनदोराची.

पद्मक्काने हात सोडवले. कप भरला. जॉबर उतरले, कप घेतला, ओठांपर्यंत नेला. तीन महिने!

त्यांनी बाभळींकडे बघितलं.

मग कप परत पद्मक्काच्या हातात दिला, थर्मास काखेत मारला आणि होडीत चढले. "धक्का मारा," आम्हाला म्हणाले.

आम्ही धक्का मारून होडीत उड्या टाकल्या. बाभळींपाशी बापूंना गाठलं. जॉबरनी दोन्ही बोटी शेजारी शेजारी बांधल्या, थर्मासचं झाकण उघडलं, भरलं आणि बापूंपुढे धरलं. बापू नको नको म्हणायला लागले.

"घ्या वो," जॉबर म्हणाले. "वडून आणलेल्याला च्या पाजायचा. आमच्यात रीत हाय."

बापूंनी अर्धा पिऊन झाकण परत दिलं. उरलेला अर्धा जॉबर प्यायले. डोळे मिटून, हळूहळू, जराही आवाज न करता.

आणि तेवढ्यात वारा पडला. धागा लोंबला, ताडपत्री लोंबली, चौघं जण दोन बोटींत, आणि हलायची काही सोय नाही.

काठावरून पद्मक्काची हाक आली, "अहो! आता तुम्हाला आणायला कोण येणार?"

जॉबरनी ऐकलं. मग थर्मास बापूंच्या हातात दिला, झाकण पुढे केलं आणि म्हणाले, "ओता की अजून थोडा."